डबल बेल

अकोल्याच्या उन्हाळ्यात साध्या सुती कपड्यातही जीव नकोसा होतो, आणि आम्ही डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळून काम करत होतो. किट म्हणायचे त्याला. एकदा चढवलं की पाणी नाही, लघवी नाही, नाक खाजवणंही नाही. चष्म्यावर वाफ धरायची, हातमोज्यांच्या बोटांत घाम साचून पिचपिच व्हायचं. बाहेर लोक आमच्यासाठी थाळ्या वाजवत होते. मी मनात म्हणायचे, बाप्पा, थाळ्या ठेवा घरात अन् एसीचा मिस्त्री पाठवा तेवढा. कारण लॅबच्या सगळ्यात आतल्या खोलीतला एसी बंद पडला होता. मिस्त्री गेटपर्यंत आला, इथे कशाचे नमुने तपासतात ते त्याला कळलं आणि "मॅडम, मले लेकरं हायेत," म्हणून गाडीला किक मारून तो निघून गेला.

माझं मूळचं काम संशोधनाचं. डेंग्यू, आणि पावसाळा संपता संपता गवतातल्या बारीक किड्यांमुळे शेतात राबणाऱ्यांना येतो तो ताप, यांच्यावर मी बरीच वर्षं घालवली होती. साथ आली आणि ते सगळं फ्रीजरच्या तळाशी गेलं. नवा विषाणू ओळखायची यंत्रं आमच्याकडे होती, ती चालवणारी माणसं होती, म्हणून आम्हा सगळ्यांना तिकडे जुंपलं. घरमालकानं खोली सोडायला लावली. तोंडानं काही बोलला नाही. त्याच्या बायकोनं माझ्या चपला जिन्याखाली नेऊन ठेवल्या आणि त्यांच्यावर फिनाइल ओतलं, त्यात काय ते कळलं. मी कॉलेजच्या रिकाम्या होस्टेलमध्ये राहायला गेले. होस्टेल ते लॅब आणि लॅब ते होस्टेल, मधे एक कडुनिंब आणि त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेला एक पोलीस. एवढंच माझं अकोला उरलं होतं.

आई-बाबा अमरावतीला. एरवी सकाळच्या एसटीत बसलं की जेवायला घरी. आता हद्दीवर बांबू आडवे टाकले होते आणि माझ्याकडे सुट्टी नव्हती, पास नव्हता, गाडी नव्हती. अमरावतीहून रोज एक गाडी यायची, पण ती नमुन्यांची. तिकडे तपासणीची सोय अजून सुरू झाली नव्हती, म्हणून तिथले घशातले नमुने बर्फाच्या डब्यात घालून आमच्याकडे पाठवायचे. माझ्या गावच्या लोकांच्या थुंकीला अकोल्याला यायला परवानगी होती, आणि मला तिकडे जायला नव्हती.

बाबा एसटीत कंडक्टर होते. अंजनगाव सुर्जीची लाईन, जत्रेच्या दिवसांत कौंडण्यपूरच्या जादा गाड्या. माणूस मोठा कडक. सख्ख्या मेहुण्यालाही कधी फुकट नेलं नाही. मामा ती गोष्ट अजून प्रत्येक लग्नात काढतो. निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षं बरी गेली आणि मग आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तिला समजतं किती हे डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. सगळ्यात अवघड होतं गिळणं. घास घाईनं गेला की ठसका, आणि ठसक्यातून घास छातीत उतरायची भीती. मी जाऊन पाहायचे तेव्हा रडू यायचं. चमचा तोंडाशी नेला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

मग बाबांनी एक दिवस काय केलं, ताटाच्या काठावर चमच्यानं दोनदा वाजवलं. टण टण. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली की गाडी निघते आणि एकदा ओढली की थांबते, हे एसटीत बसणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. आई तर लग्न झाल्यापासून त्यांच्याच गाडीनं, कंडक्टरशेजारच्या सीटवर बसून, माहेरी जायची. टण टण झालं, बाबा म्हणाले, "चला होऽ," आणि आईनं तोंड उघडलं. बाबांनी ज्वारीच्या कण्या भरवल्या. मग एकच टण. आई थांबली, सावकाश गिळलं. तेव्हापासून दोन्ही वेळचं जेवण असंच व्हायला लागलं. मीही एकदा वाजवून पाहिलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू गाडीत बिनतिकिटाची मीच चढले आहे. बाबा पोट धरून हसले होते. "तुले लायसन नाई बेटा," म्हणाले.

आता सांगते काय झालं ते.

बाबा आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेले होते. तो दुकानदार पॉझिटिव्ह निघाला. त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांना शोधून शोधून घशाचे नमुने घेतले, त्यात बाबा पॉझिटिव्ह. एक दिवस अंग कसकसलं होतं, तेवढंच. आई निगेटिव्ह. पांढऱ्या किटमधली माणसं अँब्युलन्स घेऊन दारात आली तेव्हा सगळी गल्ली गच्च्यांवर चढून पाहत होती. बाबांनी मला फोन लावून तो तसाच खिशात ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. ते एकच विचारत होते, "मी येतो साहेब, पन हिले चारन कोन?" आणि साहेब म्हणत होता, "काका, वर बसा आधी."

उत्तर शेजारच्या मावशीनं दिलं. या मावशीचं आणि आईचं नळावरून भांडण होतं, साधंसुधं नाही, चांगलं बादल्या आपटून झालेलं. आई आजारी पडायच्या आधीपासून दोघींचं बोलणं बंद. पण त्या दिवशी पुढच्या दाराला बांबू ठोकल्यावर मावशी मागच्या भिंतीला स्टूल लावून आमच्या अंगणात उतरली. तिच्या पोरानं ओरडून सांगितलं, आई मरशील. ती म्हणाली, "भांडन माह्यं अन् तिचं हाय, बिमारीचं काय त्यात? मी चारतो तिले." मी इकडे होस्टेलच्या खोलीत फोन कानाला लावून ढसाढसा रडले. लाज नाही वाटली.

बाबांना एका कॉलेजच्या होस्टेलमध्ये ठेवलं होतं. म्हणजे बाप अमरावतीच्या होस्टेलात, लेक अकोल्याच्या होस्टेलात आणि आई पलंगावर. आम्ही तिघंही कोंडलेले, आणि का कोंडलंय ते आईलाच तेवढं कोणी समजावून सांगू शकत नव्हतं.

जेवायच्या वेळी मावशी कण्या कालवायची आणि फोन आईच्या उशीवर ठेवायची. बाबा तिकडून फोनवर स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवायचे. टण टण. चला होऽ. पहिल्या दिवशी आईनं तोंड उघडलं. मावशीनं मला कळवलं तेव्हा मी लॅबमध्ये नाचायचीच बाकी होते. पण दोन-चार दिवसांत गाडी अडायला लागली. टण टण ऐकलं की आई फोनकडे नाही, दाराकडे पाहायची. बाबा आत येतील म्हणून. ते येईनात. मग ओठ मिटायचे. मावशी सांगायची, "दोन घास खाते अन् दाराकडेच पाहून राहते वं. मान दुखन तिची. मी म्हनतो, बुढा येते तुह्या, खाय आता. आयकतच नाई." पुढं पुढं ती एकच घास घ्यायची. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ओळखीच्या डॉक्टरांना मी फोनवर विचारलं. ते म्हणाले, नाकातून नळी घालावी लागेल, म्हणजे दवाखान्यात भरती, आणि आत्ता दवाखान्यात नेणं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. वर म्हणाले, "त्यापेक्षा तुमच्या बाबांना लवकर घरी आणा."

लवकर घरी आणा! जसे काही ते आमच्या मर्जीनं गेले होते. नियम असा होता की लागोपाठ दोन तपासण्या निगेटिव्ह आल्याशिवाय कोणाला सोडायचं नाही. माणूस ठणठणीत असला तरी नाही. बाबा तिथे कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते, बाकीच्यांना पत्त्यांत हरवत होते. चौदा एप्रिलची जयंती त्यांनी त्याच खोलीत केली, फोनमधला फोटो भिंतीला टेकवून आणि समोर मेणबत्ती लावून. आयुष्यात पहिल्यांदा जयंतीला ते एकटे होते. मला म्हणाले, "जयभीम पोट्टे. काय म्हन्ते तुह्यी मशीन? सोडते का नाई मले?"

त्यांचे नमुने आमच्याच लॅबला येत होते. आमचे सर, म्हणजे लॅबचे प्रमुख, मोजकं बोलणारा माणूस. मूळचे पुण्याकडचे, सगळ्यांना अहो-जाहो करायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "तुमच्या वडिलांचा नमुना तुम्ही हाताळायचा नाही. अहवालही तुम्ही पाहायचा नाही." मला ते पटलं होतं. खरंच पटलं होतं.

पहिली तपासणी निगेटिव्ह आली. आता एकच राहिली. मी मावशीला सांगितलं, आईच्या कानात सांग, बाबा परवा येतात. मावशीनं सांगितलं. आईला कळलं की नाही देव जाणे, पण त्या दिवशी तिनं जरा बरं खाल्लं म्हणे.

दुसऱ्या नमुन्याच्या दिवशी मी आतल्या खोलीत होते. ही खोली लॅबमध्ये सगळ्यात स्वच्छ ठेवतात. इथे रोग्याचा नमुना येतच नाही; इथे फक्त तपासणीची औषधं एकत्र करून प्लेटच्या बारीक बारीक खाचांत भरायची. मग प्लेट पुढच्या खोलीत जाते, तिथे नमुने उघडून त्यात घालतात, आणि तिथून ती यंत्रात. वाट एकेरी. पुढच्या खोलीतली हवासुद्धा मागे येऊ द्यायची नाही. कारण यंत्र इतकं तिखट असतं की पॉझिटिव्ह नमुन्यातला डोळ्याला न दिसणारा कण जरी औषधात पडला, तरी ते बोंब मारतं.

एसी बंद. बाहेर काय ऊन असेल ते असो, आत त्याहून वाईट. औषधं बर्फावर होती आणि मी भट्टीवर. भरता भरता डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पडले नाही, टेबल धरलं. पण काचेतून सरांनी पाहिलं. ते धावत आले, दार उघडलं आणि बोळीत ठेवलेला कूलर ओढून त्याचं तोंड माझ्याकडे केलं. पाण्याचा गार वारा आला. खोटं कशाला बोलू, स्वर्ग वाटला. विदर्भात उन्हाळ्यात कोणाला भोवळ आली की माणूस पहिल्यांदा काय करतो? दार उघडतो आणि कूलर फिरवतो. पुण्याचे सरही इतक्या वर्षांत आमच्यासारखेच झाले होते. मी दम घेतला, प्लेट पुरी केली आणि पुढे दिली. त्या बोळीच्या दुसऱ्या टोकाला नमुने उघडायची खोली होती आणि उकाड्यापायी तिचंही दार किलकिलं होतं, हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

दुपारी यंत्र थांबलं. मी पडद्यापासून लांब भिंतीला टेकून उभी होते. त्या पडद्यावर प्रत्येक नमुन्याची एक रेष असते. विषाणू असेल तर रेष वर चढते, नसेल तर जमिनीला चिकटून राहते. नमुने घालणारी पोरगी माझ्या हाताखालची. तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरांच्या पाठीमागून हळूच अंगठा वर केला. बाबांची रेष सपाट. शेवटपर्यंत सपाट! मी मनातल्या मनात मावशीला फोन लावलासुद्धा.

आणि सर म्हणाले, "हे काय आहे?"

प्रत्येक प्लेटमध्ये एका खाचेत नमुना घालत नाहीत, नुसतं शुद्ध पाणी घालतात. ती आमची राखण. पाण्यात विषाणू नसतो, म्हणून पाण्याची रेष सपाटच राहिली पाहिजे. ती चढली याचा अर्थ एकच, कुठून तरी घाण शिरली आणि प्लेटवर विश्वास ठेवायचा नाही. त्या दिवशी पाण्याची रेष चढली होती.

"प्लेट बाद," सर म्हणाले.

मी भिंत सोडून पुढे गेले. "सर, एक मिनिट. घाण शिरली तर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह दिसेल. पॉझिटिव्हचं निगेटिव्ह कसं होईल? ज्यांची रेष सपाट आहे ते तर खरेच निगेटिव्ह आहेत ना?"

"बरोबर आहे तुमचं."

"मग?"

"मग काही नाही. प्लेट बाद. उद्या सगळे नमुने पुन्हा लावू."

"काहून पन?" मी ओरडले. लॅबमध्ये मी नेहमी शुद्ध बोलायचे; त्या दिवशी जीभ घरी गेली. "काहून बाद? माही आई तिकडे उपाशी मरून राहिली, सर! सपाट रेष दिसते ना तुम्हाले? दिसते का नाई?"

सरांनी मास्क नीट केला. "ज्यांची रेष चढली आहे त्यांना काय सांगायचं?" ते शांतपणे म्हणाले. "अर्ध्या प्लेटवर विश्वास ठेवा आणि अर्धी फेका? आज आपल्या घरात काय काय झालं ते आपल्याला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की घर स्वच्छ नव्हतं." मग त्यांची नजर बोळीतल्या कूलरकडे गेली. तो अजून घरघरत होता. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "दार मी उघडलं."

झालं. आता भांडायचं तरी कोणाशी? मला चक्कर आली म्हणून त्या माणसानं दार उघडलं, आणि त्या दारानं माझ्या बापाला आत अडकवलं. मला त्यांचा इतका राग आला की हातातले मोजे त्यांच्या तोंडावर फेकावेसे वाटले, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की आज हा माणूस सोडून दुसरा कोणी असता तर प्लेट चालवून घेतली असती. मी बाथरूममध्ये जाऊन किट फाडून काढलं आणि नळाखाली डोकं धरलं.

रात्रभर सगळं ब्लीचनं पुसून काढलं, औषधांच्या नळ्या नव्या उघडल्या. सकाळी पुन्हा प्लेट लागली. कूलर सरांनी स्वतः उचलून पार गेटबाहेर पोलिसाजवळ नेऊन ठेवला. या वेळी पाण्याची रेष सपाट राहिली, जशी राहायला हवी तशी. बाबांची रेषही सपाट चालली होती. चालली, चालली, आणि अगदी शेवटी शेवटी, यंत्र थांबायला आलं असताना, तिनं मान वर काढली.

इतक्या उशिरा चढणाऱ्या रेषेचा अर्थ आम्हाला सगळ्यांना माहीत होता. विषाणू मेलेला, त्याचे तुकडे घशात राहिलेले. अशा तुकड्यांनी कोणी आजारी पडत नाही बहुतेक. आदल्या दिवशी नमुन्यातून घेतलेल्या थेंबात ते तुकडे आले नाहीत, आज आले, एवढाच फरक. पण अहवालात दोनच शब्द बसतात. सरांनी जो लिहायचा तो लिहिला. पॉझिटिव्ह. म्हणजे पहिली निगेटिव्हही गेली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बाबांना मीच फोन केला. मला वाटलं, चिडतील. ते चिडायलाच हवे होते मला. ते म्हणाले, "तुह्या सरानं बराबर केलं."

"काय बराबर केलं, बाबा?"

"अवं, मी काय तोंड पाहून तिकीट मागत होतो का? ज्याच्यापाशी नाई त्याले उतरवलं. रडनाऱ्यालेबी उतरवलं. नियम आपल्यावर आला म्हनून काय चुकीचा होते का?" मग आवाज जरा खाली गेला. "तिले सांगजो, गाडी लेट हाय म्हना."

मला त्यांचाही राग आला. साऱ्या जगात एकटी आईच होती जिचा मला राग येत नव्हता.

त्या दिवशी मी मावशीला म्हटलं, आता फोन उशीवरून हलवायचाच नाही. चार्जरसकट तिथेच राहू दे. बाबांना म्हटलं, जेवणाच्या वेळीच नाही, अधूनमधूनही वाजवत जा. पाणी प्यायला वाजवा, गोळीला वाजवा. बाबांना काय, दुसरं काम नव्हतं. सकाळपासून त्यांची टण टण सुरू. बाजूच्या खोलीतले लोक म्हणे वैतागले, मग त्यांनाही सवय झाली. कोणीतरी चहाच्या वेळी ग्लास वाजवून "चला होऽ" म्हणायला लागलं.

आणि आई खायला लागली. आधी दोन घास, मग चार, मग वाटीभर. मावशीचा आवाज फोनवर नुसता फुलून आला होता. "अवं पोरी, आज सगळ्या कण्या संपवल्या तिनं! फोनाकडे पाहते अन् आ करते. आता दाराकडे पाहतच नाई बिलकुल."

मी केवढी खूश झाले. त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपले. दुसऱ्या दिवशी सरांनाही सांगितलं, आई जेवते आहे. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि कितीतरी दिवसांनी ते माझ्याकडे पाहून हसले. दाराकडे पाहत नाही, या वाक्यात घाबरण्यासारखं काही आहे हे आम्हा दोघांनाही कळलं नाही, आणि आम्ही दोघं बारीक रेषा वाचायचाच पगार घेत होतो.

मग नियमच बदलला. वरून परिपत्रक आलं की सौम्य आजार असलेल्यांना ठरावीक दिवस झाले आणि ताप नसला की पुन्हा तपासणी न करता सोडायचं. घरी आणखी आठवडाभर वेगळं राहायचं, बस. बाबांचे दिवस केव्हाच भरले होते. म्हणजे ती प्लेट, ती रेष, ते माझं ओरडणं, सगळं एका कागदानं पुसून टाकलं. बाबा पिशवी घेऊन होस्टेलच्या पायऱ्या उतरले तेव्हा कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा त्यांना म्हणाले, "टाळ्या नोका वाजवू, घंटी वाजवा."

तो आठवडा ते पुढच्या खोलीत मास्क लावून राहिले. आई मधल्या खोलीत, मधे पडदा. मावशी भरवायची, बाबा पडद्याच्या अलीकडून फोन लावून ग्लास वाजवायचे. सगळ्यांना वाटलं, आठवड्याचाच तर प्रश्न आहे.

आठवडा संपला त्या दिवशी सरांनी मला नमुन्यांच्या गाडीत बसवून दिलं. गाडी अमरावतीहून भरलेले डबे आणायची आणि रिकामे घेऊन परत जायची. त्या रिकाम्या डब्यांमध्ये बसून मी घरी गेले. मागच्या अंगणात आंघोळ करून आत गेले तर बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार. जसं काही ड्युटीवर निघालेत. त्यांनी मास्क काढून खुंटीला अडकवला. कण्यांचं ताट घेतलं आणि आईसमोर स्टुलावर बसले.

आई पाहत होती त्यांच्याकडे. ओळख होती डोळ्यांत, नव्हती असं नाही. डाव्या हातानं तिनं त्यांचा सदरा चाचपला.

बाबांनी ताटाच्या काठावर वाजवलं. टण टण. "चला होऽ."

आईनं मान वळवली. उशीवरच्या फोनकडे.

बाबा हसले. पुन्हा वाजवलं, जरा जोरात. आईनं डावा हात लांबवून फोन उचलला, कानाला लावला आणि ओठ मिटून वाट पाहत राहिली. फोन लागलेलाच नव्हता. बाबा हातभर अंतरावर चमचा धरून बसले होते आणि ती त्यांची वाट पाहत होती.

"मले द्या," मावशी हळूच म्हणाली. बाबांनी ताट तिच्याकडे दिलं. उठले, पडदा सारून पुढच्या खोलीत गेले, खाटेवर बसले. मला त्यांच्या फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. आईच्या हातातला फोन वाजला, मावशीनं तो चालू केला. टण टण. एकदा पडद्यामागून, एकदा फोनमधून. आईनं मोठा आ केला.

मी पडद्यापाशी गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते, एका हातात फोन, एका हातात चमचा, मांडीवर उपडा ग्लास. मी म्हटलं, "बाबा, आत येऊन बसा. होईल सवय. आणखी एकदा करून पाहा ना." मला वाटत होतं की त्या दिवशीच्या प्लेटसकट, कूलरसकट, नियमासकट सगळं त्यांनी आता तरी उलटवून टाकावं.

त्यांनी फोनवर हात ठेवला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"नोको," ते म्हणाले. "जेवून राहिली ना ते."

मग हात काढला, ग्लासावर एकदाच वाजवलं, आणि आतली बाई गिळेपर्यंत थांबून राहिले.